डार्क मॅटर आपल्या ओसरीतही असतं का?

जुन्नरची_ताई
२८ फेब्रुवारीला लेकीला घेऊन खोडदला गेले होते, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान दिनाला. ४५ मीटरची ती जाळीदार अँटेना बघून आठवीतली पोर गप्पच झाली. घरी आल्यावर मात्र प्रश्न सुरू. डार्क मॅटर (न दिसणारं, पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य) आणि डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वाढवणारी ऊर्जा) मिळून विश्वाचा ९५ टक्के भाग, तर आपल्या ओसरीत किती? आणि विश्व प्रसरण पावतंय, तर आपलं घर आणि विहीर एकमेकांपासून लांब का जात नाहीत? मी टोमॅटोची शेती करते, शिक्षण बारावी सायन्सपर्यंतच. काहीतरी सांगून तिला गप्प करायचं नाहीये. कुणी समजावेल का?

निवृत्त_मास्तर
ताई, ओसरीत आहे, पण किती थोडं ते बघा. आकाशगंगेतल्या आपल्या भागात दर घनसेंटिमीटरला प्रोटॉनच्या साधारण एक तृतीयांश वस्तुमानाइतकं डार्क मॅटर आहे. म्हणजे अख्ख्या पृथ्वीने व्यापलेल्या जागेत कुठल्याही क्षणी जेमतेम अर्धा किलो! डार्क एनर्जी, वस्तुमानात मोजली तर, त्याच जागेत सहा-सात मिलिग्रॅम.

जुन्नरची_ताई
अर्धा किलो? मग त्याचा एवढा गाजावाजा का?

निवृत्त_मास्तर
कारण पृथ्वी दगड-लोखंडाने गच्च भरलीय, पण दोन ताऱ्यांमधली जागा जवळजवळ मोकळी, आणि हे तिथेही सगळीकडे पसरलेलं, म्हणून एकूण बेरीज प्रचंड होते. व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतला (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) वायू किती वेगाने फिरतो ते मोजलं. केंद्रापासून लांब वेग उतरायला हवा होता, तो उतरेचना. न दिसणारं काहीतरी त्याला धरून ठेवतंय. पुढे असाच वेग हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवरून मोजू लागले. तुम्ही पाहिलेली अँटेना त्या लहरी टिपते, हे लेकीला जरूर सांगा.
आणि हे डार्क मॅटर नंतर कुठून आलेलं नाही. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाच्या प्रकाशातही त्याचा ठसा आहे.

आकाशनिरीक्षक_सातारा
घर-विहिरीचं मी सांगतो. जे गुरुत्वाने किंवा अणूंच्या बंधांनी बांधलेलं आहे, ते प्रसरण पावत नाही. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानीसुद्धा उलट आपल्याकडेच येतेय, सेकंदाला ११० किलोमीटरने. डार्क एनर्जीचा जोर चालतो तो दीर्घिकांच्या समूहांमधल्या अफाट अंतरांवर. नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास लेकीला शेतात न्या. चंद्र नसेल तर जवळजवळ डोक्यावर देवयानीचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

जुन्नरची_ताई
तिने लगेच काट्यावर अर्धा किलो टोमॅटो तोलले. आता विचारतेय, सूर्याच्या जागेत किती?

निवृत्त_मास्तर
सूर्यात १३ लाख पृथ्व्या मावतात. गुणाकार तिलाच करू दे.