प्रतिसाद: स्कॅन झालं की कागद कशाला ठेवायचा?

"सातबारा ऑनलाइन झाला, जुने फेरफार स्कॅन झाले, आता तहसीलचे ते बस्ते रद्दीत घाला", असं वर लिहिलंय. (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, बस्ते म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी.) डिजिटल सहीच्या सातबाऱ्यानं तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, हे कबूलच. पण बस्ते रद्दीत घालायला माझा साफ विरोध. आमच्याकडे तापीकाठच्या एका गावात मामांच्या शेताचा जुना फेरफार ऑनलाइन सापडला खरा, पण स्कॅन करताना पानाचा उजवा कोपरा दुमडलेला राहिला होता. नेमका शेरा नि मंजुरीची सही त्या घडीखाली. शेवटी रेकॉर्ड रूममधलं मूळ पान उलगडलं तेव्हा शेरा वाचता आला. (धुळीनं दोन दिवस शिंका, तो भाग वेगळा.)

आणि चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे सूची, कुठला कागद कुठल्या जमिनीचा ते सांगणारी. खानदेशात बहुतेक ठिकाणी एकत्रीकरणात (जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र जोडण्याच्या योजनेत) सर्वे नंबर गेले नि गट नंबर आले. जुना कागद सर्वे नंबरावर, आजचा सातबारा गटावर. दोघांची सांगड घालायला एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा, म्हणजे जुना नंबर कुठल्या गटात गेला ते दाखवणारा कागद, लागतो, नाहीतर स्कॅन असूनही नसल्यासारखंच. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सुद्धा नुसतं संगणकीकरण सांगत नाही, अभिलेखांची रीतसर सूची आधी सांगतं. बाकी संगणकीकृत सातबाऱ्यात लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल जोडा, म्हणजे चूक टायपिंगची की मुळातली ते तिथंच कळतं.