तेरला मोटारहोमचा थांबा हवा की नको?

तेरणाकाठ
गेल्या महिन्यात आमच्या तेरला (जि. धाराशिव) एक मोटारहोम, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, आली. नवरा-बायको, दोन लेकरं. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर बघेपर्यंत संध्याकाळ झाली, वस्तुसंग्रहालय बंद. रात्री गाडी लावायची कुठं, कुणालाच सांगता येईना. शेवटी आमच्या खळ्यात कडब्याच्या गंजीशेजारी लावायला सांगितली. सकाळी संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली बघताना थोरली पोरगी जागची हलेना. अशीच मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली, म्हटल्यावर तर नाहीच.

मुक्काम झाला नसता तर ही माणसं तशीच पुढं गेली असती. म्हणून वाटतं, ग्रामपंचायतीनं चार गाड्यांपुरती जागा करावी. मुरूम, एक नळ, विजेचा एक पॉइंट, बस. फ्रान्समध्ये लहान लहान गावं हेच करतात. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन धोरणही 2021 सालचं आहे. आणि तेरला गाड्यांचं काय नवल? पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदीत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं 'तगर' ते हेच. इथलं कापड गाड्यांतूनच गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं.

मांजरेकाठचा
दादा, नळ म्हणालात, पण त्याला पाणी कुठून? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा आई रात्री दोनला घागरींची रांग धरायची. या गाडीची टाकी शंभर लिटरच्या आसपास. म्हणजे आमच्या घरचं तेव्हाचं दोन दिवसांचं पाणी. पाहुणा आला म्हणून ते द्यायचं? माझा विरोध.

खडू_फळा
माझी भीती वेगळी आहे. तेरची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, ही उघडी तिजोरी. पाऊस पडून गेला की मातीतून मणी, खापरं वर येतात. असंच एकेक जमवून रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह झाला, त्यातूनच संग्रहालय उभं राहिलं. तिथं मुरूम टाकून रोलर फिरवला तर खाली काय चेंगरलं हे कधीच कळणार नाही.

पुणे_ते_कुठेही
मी स्वतः अशी गाडी चालवतो. पाण्यापेक्षा संडासाच्या टाकीकडं लक्ष द्या. तिच्यात निळं औषध असतं. ते सेप्टिक टँकमध्ये गेलं तर मैला कुजवणारे जंतू मरतात, ओढ्यात गेलं तर विचारूच नका. शोषखड्ड्यात फक्त आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी सोडावं. संडासाची टाकी शहरातल्या मैलापाणी केंद्रातच रिकामी करायची, ही अट फलकावर ठळक लिहा. पैसे घ्या, आम्ही देतो.

तेरणाकाठ
खडू_फळा सर, पांढरीवर नकोच, मान्य. मांजरेकाठचे दादा, मार्च ते जून नळाला कुलूप लावू, टाकी भरूनच या म्हणून सांगू. पण रात्रीचा मुक्काम तरी नाकारू नका.

ज्वारीची_भाकर
आमच्या गावच्या स्टँडवर बायकांच्या संडासाला दार नाही. दोन तास दाबून धरून शहर गाठावं लागतं. पाहुण्यांसाठी नळ आणि वीज चटकन सुचते, आमच्यासाठी का सुचत नाही? थांबा करायचाच असेल तर तिथं आधी गावातल्या बायकांसाठी, चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला येणाऱ्यांसाठी पाण्यासकट संडास बांधा. भाकरी-पिठल्याचं काम बचत गटाला द्या, ठेकेदाराला नाही. मग मी तुमच्या बाजूनं.

मांजरेकाठचा
ताईंचं पटलं. पण कुलपाची किल्ली कुणाकडं राहणार, ते आधी सांगा. टंचाईत किल्लीवरूनच भांडणं होतात, डोळ्यांनी बघितलीत.