गल्लीतल्या छोट्या पार्कला मराठीत नक्की काय म्हणायचं?

धागाकर्ती:
लेकीकडे डेन्मार्कला आलेय, फ्यून बेटावर ओदेन्सच्या जवळच एक छोटंसं गाव आहे तिथे. घरामागे दोन रस्ते ओलांडले की एक हिरवा तुकडा लागतो, नातीला घेऊन रोज संध्याकाळी जाते, संध्याकाळ म्हणजे काय जूनमध्ये इथे दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे जेवून उठून सुद्धा जाता येतं. तर बहिणीला व्हॉट्सॅपवर लिहिलं की बागेत आलोय, तिचा लगेच प्रश्न, फुलं कसली आहेत गं? आता फुलं तर नाहीतच! गवत आहे, बीचची चारपाच मोठी झाडं आहेत, वाळूचा हौद आहे ज्यात कुणाकुणाची खेळणी तशीच पडलेली असतात आणि सगळी पोरं वापरतात, झोका, घसरगुंडी, एका बाजूला खडीची पट्टी जिथे आजोबा लोक लोखंडी गोळे टाकून पेतांक खेळतात, आणि एक उगाचच केलेला मातीचा उंचवटा. कुंपण नाही, गेट नाही, वेळेची पाटी नाही, शिट्टी मारणारा वॉचमन नाही. कुत्रा दोरीने बांधून न्या एवढी एकच पाटी. मग ही बाग म्हणायची का? उद्यान म्हटलं की पालिकेची पाटी आठवते. मैदान म्हणावं तर फारच लहान आहे.

पुणेकर:
उद्यान हा पाटीवरचाच शब्द आहे ताई, तोंडातला नाही. "चल उद्यानात जाऊ" असं कोण म्हणतं? मुंबईत कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे पण लोक राणीची बागच म्हणतात, आमच्याकडे महापालिकेत उद्यान विभाग असतो पण माणसं सारसबागेत जातात. आणि बागेत फुलं पाहिजेतच असंही काही नाही, तुळशीबागेत कुठे तुळशी आहेत, तिथे पातेली नि बांगड्या मिळतात. बिनधास्त बाग म्हणा.

मुंबईकर:
दादरला विचारा, पार्क म्हणजे मैदान. "पार्कात येतोस का" म्हणजे शिवाजी पार्कला, तिथे क्रिकेट, सभा, कट्टा सगळं आहे, फुलं कुणी विचारत नाही. आधी माहीम पार्क नाव होतं, 1927 मध्ये बदललं. तेव्हा पार्क हा शब्द आता मराठीच झालाय, विभक्ती लागते त्याला, अजून काय पाहिजे. सरळ पार्क लिहा आणि विषय संपवा.

डेन्मार्कवासी:
विषय संपत नाही म्हणून तर मजा आहे :) मी बरीच वर्षं आरहूसला आहे. इथे पार्क शब्द आहेच, पण गावातल्या जुन्या हिरव्या जागांची नावं ऐका, त्या जमिनीचं आधी काय होतं ते नावातच असतं. कोपनहेगनचं फेलेडपार्कन घ्या. फेलेड म्हणजे गावाची सामायिक चरण्याची जमीन, गुरं सोडायची जागा. आता तिथे 1 मेला कामगारांचा मेळावा भरतो. ओदेन्सला नदीकाठी मुंके मोस म्हणून पार्क आहे, मोस म्हणजे दलदल, मुंके म्हणजे मठातले साधू, तिथूनच नदीतल्या बोटी सुटतात, ताई तुम्हाला जवळ आहे तर नातीला घेऊन जाच. लुंड म्हणजे झाडांचा दाट पुंजका, हॉर्सन्सला कारोलीन आमाली राणीच्या नावाचा लुंड आहे. आणि आनलेग हा सगळ्यात गंमतशीर, म्हणजे आखून बसवलेलं काहीतरी, त्यामुळे गावातली शोभेची हिरवळ पण आनलेग आणि घरातली म्युझिक सिस्टीम पण म्युझीकआनलेग!

तुमच्या तुकड्याला तुमची लेक बहुतेक लायप्लॅस म्हणत असेल. लाय म्हणजे खेळ, प्लॅस म्हणजे जागा. लेगो हे नाव पण त्यातलंच, "लाय गॉत" म्हणजे छान खेळा, बिलुंडच्या सुताराने 1934 मध्ये ठेवलेलं. आणि तो उंचवटा उगाच नाहीये बरं का, ती केल्केबाके, हिवाळ्यात बर्फ पडला की पोरं त्यावरून घसरगाडी सोडतात.

वऱ्हाडी:
फेलेड म्हणजे सरळ सरळ गायरान की हो! आमच्याकडं अजूनही सातबाऱ्यावर गायरान लिहिलेलं असतं आणि त्यावरून भांडणंही होतात. पाणथळ आहे, राई आहे, देवराई आहे, सगळे शब्द आहेत आपल्याकडं, फक्त शहरात आलो की आपण एकाच उद्यानात सगळं कोंबतो आणि नाव कुणातरी पुढाऱ्याचं देतो.

पुणेकर:
गायरानात झोका आणि घसरगुंडी? लेकीला सांगा की मी नातीला गायरानात नेते, बघा काय म्हणते ती.

कोकणकर:
वाडी शब्द कोणीच कसा काढला नाही. नारळाची वाडी, पोफळीची वाडी, म्हणजे लावलेली, राखलेली, वई घातलेली जागा. वई म्हणजे कुंपण हे घाटावरच्या मंडळींसाठी. वाडी, वाडा, वाटिका हे सगळं संस्कृत वाट वरून येतं आणि त्या वाटचा एक अर्थच मुळी कुंपण घातलेली जागा असा आहे. आता डेन्मार्कवाले सांगतील, तिकडे बागेला काय म्हणतात?

डेन्मार्कवासी:
हॅवे. आणि तुम्ही अगदी बरोबर जागी आलात! हॅवेचा जुना अर्थ कुंपणातली जागा हाच, कुंपणाला हेग्न म्हणतात ते त्याच कुळातलं. म्हणून तर कोपनहेगनच्या उत्तरेला ड्यूरहॅवेन आहे, शब्दशः प्राण्यांची बाग, पण फुलं वगैरे काही नाही, राजाच्या शिकारीसाठी हरणं राखलेलं मोठं रान आहे, 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं ते. तेव्हा धागाकर्त्या ताईंच्या बहिणीला सांगा, बागेला फुलं नसली तरी चालतात, कुंपण लागतं.

आणि पुढचं ऐका. लहान मुलांच्या शाळेला इथे बोर्नेहॅवे म्हणतात. बोर्न म्हणजे मुलं.

कोकणकर:
म्हणजे बालवाडी!!! वा. हे दोन्हीकडे जर्मनीतूनच आलं असणार, तिथल्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1840 ला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं, पण आपण बालबाग किंवा बालोद्यान न करता बालवाडी केलं हे मला फार आवडतं, आपल्या वाडीचा अर्थ बरोबर सापडला तिथे. पुढे ताराबाई मोडकांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून अंगणवाडी आली ती तर त्याहून छान, अंगणातच भरायची ना ती.

मुंबईकर:
पण ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय कुंपण नाही. म्हणजे वाडी बाद, बाग पण बाद, हॅवे पण बाद. आलात ना परत पार्कवर!

शुद्धलेखनप्रेमी:
'मुक्तोपवन' असा शब्द सुचवतो.

पुणेकर:
नको.

धागाकर्ती:
हाहा. मुक्तोपवन नातीला उच्चारता येणार नाही, तिला तर बाग आणि लायप्लॅस यात फरकच कळत नाही, ती "आजी, लायप्लॅसला जायचं" असं मराठीत म्हणते, ला प्रत्यय लावून. जावई सांगत होते की भंगाराचा लायप्लॅस पण असायचा म्हणे, ते खरं का?

डेन्मार्कवासी:
हो, स्क्रामेल-लायप्लॅस, स्क्रामेल म्हणजे अडगळ, भंगार. सी. टी. सोरेनसेन नावाचे लँडस्केप आर्किटेक्ट होते, त्यांच्या लक्षात आलं की आखीव खेळण्यांपेक्षा पोरं बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या-विटांशी जास्त रमतात, त्यातून 1943 मध्ये, जर्मनांचा ताबा असतानाच, कोपनहेगनच्या एम्ड्रुपला पहिलं असं मैदान झालं. हातोडी, खिळे, फळ्या, करा काय करायचं ते. युद्धानंतर एका इंग्लिश बाईंनी ते पाहिलं आणि तिकडे इंग्लंडात नेलं, आज ज्याला ॲडव्हेंचर प्लेग्राउंड म्हणतात ते हेच.

वऱ्हाडी:
याला शब्द कशाला पाहिजे, आमच्या लहानपणी प्रत्येक अर्धवट बांधलेलं घर म्हणजे हेच होतं. फक्त हाकलायला मुकादम असायचा.

कोकणकर:
एक शब्द राहिला, पटांगण. शाळेचं पटांगण, देवळाचं पटांगण. कुंपण असो नसो, पोरं खेळतात, म्हातारे कडेला बसतात, वेळेची पाटी नसते. झाडाखाली बसायची जागा असेल तर त्याला पार म्हणा, आणि कृपा करून पार्क हा पार वरून आला असं कोणी सुरू करू नका आता, त्यांचा काही संबंध नाही.

पुणेकर:
पटांगणात हिरवळ नसते पण. मातीच पाहिजे, गुडघा फुटायला. तरी या सगळ्यात पटांगणच त्यातल्या त्यात बरं वाटतंय, मान्य.

धागाकर्ती:
मला पण पटांगण पटतंय, बहिणीला तसंच लिहिते, गवताचं पटांगण. आता अजून एक अडलंय. काल ओळखीच्या एक बाई सांगत होत्या की कोपनहेगनला फ्रेडरिक्सबर्गच्या बागेत एक झाड आहे त्याला सुतेत्रे म्हणतात, मुलं जराशी मोठी झाली की आपलं ते तोंडात धरायचं रबरी असतं ना ते त्या फांद्यांना बांधून येतात, निरोपाची चिठ्ठी सुद्धा लावतात, म्हणजे सवय सुटावी म्हणून. आपल्याकडे नवसाच्या झाडाला पाळणे बांधतात तसंच दिसतं म्हणे. त्रे म्हणजे झाड. पण सुत ला मराठीत काय म्हणू? आमच्याकडे चोखणी म्हणायचे.

वऱ्हाडी:
चुसणी.

मुंबईकर:
पॅसिफायर. आमच्यात तर सरळ निपलच म्हणतात, पण ते बाटलीचं वेगळं ना?

पुणेकर:
चोखणी आणि चुसणी यावर वेगळा धागा काढा ताई, इथे पटांगणावर सगळे जेमतेम एकत्र आलेत.