लायक्रा, पॅड आणि शिवलेली नऊवारी

आम्ही पुरुष बाईच्या वेशात नाचतो, त्या ड्रॅगच्या कपड्यांसाठी लायक्रा (ताणलं जाणारं कापड) घरच्या मशीनवर शिवताच येत नाही, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. साधी सुई टाके सोडते, म्हणून गोल टोकाची (बॉलपॉइंट) सुई, पॉलिएस्टर धागा आणि बारीक झिगझॅग. सरळ टीप ताण बसला की तटकन तुटते, आणि ती नेमकी नाचतानाच तुटते!

पण मापांबद्दल कुणीच बोलत नाही. मापं पॅड (नितंबांना बायकी गोलाई देणारे फोमचे तुकडे) चढवून घ्या. लावणी-थीमच्या रात्रीसाठी मी शिवलेली नऊवारी केली, कंबर-नितंब नुसत्या अंगावर मोजून. मग फोमचे पॅड आणि ते दाबून बसवायला तीन टाइट्स घातल्यावर कासोटा मागून इतका ताठ झाला की खाली बसायची सोय उरली नाही. रात्रभर उभाच. चोळीचं उलटं: बायकांच्या ब्लाउजचा तयार कागदी कट आमच्या खांद्यांना पुरत नाही, बगलेत काचतो. खांदा रुंद करून बगलेखाली चौकोनी कळी घाला, हात वर जातात.

आणि टिकल्यांचं कापड असेल तर शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या आधी काढाच, नाहीतर सुया मोडत बसाल. वेळखाऊ काम आहे, मी ते मालिका बघताना उरकतो. मुंबईत लेस-टिकल्यांसाठी भुलेश्वर, कापडाला मंगळदास मार्केट.