मूळ संख्या, अभाज्य की अविभाज्य?

शमीपत्र:
मुलांच्या दिवाळी अंकासाठी 2147483647 या संख्येवर लिहितेय. 2 चा 31 वा घात वजा 1, आणि ही प्राइम आहे, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून कशानेच हिला पूर्ण भाग जात नाही, हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं. माझं वाक्य असं, "हिचं वर्गमूळ 46340 आणि 46341 च्या मध्ये येतं, म्हणून 46340 पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं." भाचीला वाचायला दिलं तर विचारते, मावशी, वर्गमूळ पण मूळ संख्याच असते का? सरळ अभाज्य लिहू का?

खडूफळा:
नका लिहू. शाळेत मूळ संख्या, सहमूळ, जोडमूळ हेच शिकवतो आम्ही. अभाज्य हिंदीतलं, आणि आपल्याकडे भाज्य म्हणजे जिला भागायचं ती संख्या, भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे सगळ्यांनी घोकलेलंय, मग ऑयलर जिला भागून बघत होता ती भाज्यच झाली ना, तिलाच अभाज्य कसं म्हणायचं?

दुपारचा_चहा:
हिंदीत आहे म्हणून आपला नाही असं कसं सर, शब्द संस्कृत आहे. आमचे आजोबा अविभाज्य म्हणायचे, ऐकताक्षणी अर्थ कळतो. मूळ म्हटल्यावर काय कळतं?

खडूफळा:
सगळंच कळतं! 360 कसेही फोडा, शेवटी तीन 2, दोन 3 आणि एक 5 हेच हातात उरतात. त्याच्या खाली जाताच येत नाही, म्हणून मूळ. अविभाज्य राहू दे भाषणात, "अविभाज्य भाग" म्हणायला.

पाटीपेन्सिल:
शमीताई, शब्द बदलण्यापेक्षा वाक्य बदला. ऑयलर तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसलाच नव्हता. या संख्येचा मूळ भाजक असलाच तर 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरायला हवी, हे त्याने आधी काढलं आणि बाकीच्या सगळ्या गाळून टाकल्या. खरी गंमत तिथे आहे, ती मुलांना सांगा. आणि घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येतं असंही नाही हं, 2 चा 11 वा घात घेऊन 1 वजा केला तर 2047, म्हणजे 23 × 89.

दुपारचा_चहा:
पण मुलं ही संख्या वाचणार कशी? दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस?

कोकणकडा:
अब्ज कोण बोलतं हो आता, बँकेत पण 214 कोटीच म्हणतात.

खडूफळा:
म्हणून काय शब्द टाकून द्यायचा? भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व असं थेट परार्धापर्यंत जातं, 1 वर 17 शून्यं.

कोकणकडा:
अर्बुद म्हणजे दहा कोटी ना? हिंदीतला अरब त्यातूनच आला असणार, पण तो तर शंभर कोटी! मधे एक शून्य कुठून वाढलं?

पाटीपेन्सिल:
आणि खर्व म्हणजे संस्कृतात ठेंगणा. हजार कोटींना ठेंगणं का म्हणावं? आयुर्वेदात अर्बुद म्हणजे गाठ, त्याचा काही संबंध असेल का?

दुपारचा_चहा:
खर्वाचा धागा वेगळा काढा कुणीतरी, माझ्याकडे त्यावर बरंच आहे.