मदत हवी आहे : वडिलांच्या १४३ कॅसेट संगणकावर कशा उतरवाव्यात?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातील जुने घर आवरताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत वडिलांनी १९८० ते १९९८ या काळात भरलेल्या १४३ कॅसेट सापडल्या आणि त्या मला संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. मी नागपुरातील एका शाळेत गणित शिकवतो. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे हाताशी अजून तीन आठवडे आहेत आणि तेवढ्यात हे काम उरकेल, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. त्यांपैकी नव्वद कॅसेट साठ मिनिटांच्या आणि त्रेपन्न कॅसेट नव्वद मिनिटांच्या आहेत. म्हणजे काहीही न बिघडता, एकदाही न थांबता सगळ्या वाजवल्या तरी १६९ तास ३० मिनिटे लागतील. कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरायलाही लागतो, ही गोष्ट गणिताच्या शिक्षकाला आधीच सुचायला हवी होती.

माझा भाचा म्हणतो, "मामा, ही सगळी गाणी मोबाईलवर फुकट मिळतात, तुम्ही कशाला एवढी डोकेफोड करता?" गाण्यांपुरते त्याचे म्हणणे खरे आहे आणि गाण्यांसाठी मी हा खटाटोप करतही नाही. बाबा रेडिओवरून ध्वनिमुद्रण करत तेव्हा निवेदकाचे बोलणे कापत नसत, त्यामुळे नागपूर केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्झवरच्या मध्यम लहरींची खरखर, त्या दिवशीचे बाजारभाव, आणि गाणे ऐन रंगात असताना मागून आलेली आईची "गॅस बंद केला का?" ही विचारणा, असे सगळे त्यांत आहे. याखेरीज आठ-दहा कॅसेट निव्वळ घरगुती आहेत. एकीवर ताई आणि तिच्या मैत्रिणी भुलाबाईची गाणी म्हणत आहेत आणि शेवटी खिरापत ओळखण्यासाठी डबा वाजवून दाखवल्याचा आवाज आहे. दुसऱ्या एकीवर बाबांनी सज्जात उभे राहून टिपलेली मारबतीची मिरवणूक आहे. तिच्यातल्या ढोलताशांपेक्षा शेजारच्या काकूंच्या टिप्पण्याच अधिक स्पष्ट ऐकू येतात. कॅसेटच्या कागदावर बाबांच्या अक्षरात "मारबत, शेवटी सेल संपले" अशी नोंद आहे.

आता अडचणी सांगतो. बाबांचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र) केव्हाच भंगारात गेला, परंतु १९९४ च्या सुमारास घेतलेला डबल कॅसेट डेक घरी आहे. त्याचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, म्हणून तो मी बर्डीतील एका दुकानात दुरुस्तीला दिला. तेथे पट्टा बदलून मिळाला, पैसे व्यवस्थित घेतले गेले, आणि डेक घरी आणल्यावर बाबांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलाचा वाटू लागला. घड्याळ लावून पाहिले, तर साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अठ्ठावीस मिनिटांतच संपते. दुकानदाराला हे सांगितले, तेव्हा जुन्या कॅसेट अशाच वाजतात, असे उत्तर मिळाले. गेली पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकत आलो आहे, परंतु इतक्या शांतपणे सांगितलेली सबब क्वचितच ऐकली असेल.

दुसरी अडचण जोडणीची आहे. डेकच्या मागील बाजूस लाल-पांढऱ्या रंगाचे आउटपुट आहेत. ते मी लॅपटॉपच्या एकुलत्या एका गोल छिद्रात तार लावून जोडले, तेव्हा आवाज फाटका आला आणि डावा-उजवा हा भेदही नाहीसा झाला. नव्या मोबाईलला तर ते छिद्रही ठेवलेले नाही; दर दोन वर्षांनी उपकरण अधिक सडपातळ करायचे आणि काढून टाकलेली सोय निराळ्या तारेच्या रूपाने आपल्यालाच विकायची, या धंद्याला प्रगती का म्हणतात, हे मला अद्याप उमगलेले नाही. मध्यंतरी कॅसेट आत घातली की थेट यूएसबीवर उतरते, अशी जाहिरात असलेले वॉकमनएवढे एक यंत्रही ऑनलाइन मागवून पाहिले. त्यात आवाज असा लहरतो की निवेदक पाण्याखालून बोलत आहे असे वाटते. ते परत केले.

तिसरी अडचण खुद्द कॅसेटची आहे. पेटी स्लॅबलगतच्या माळ्यावर होती आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. काही कॅसेटमधील पट्टीमागची स्पंजची लहान गादी सुटून आली आहे. काहींवर पांढरट बुरशी दिसते. काहींत तर एक विलक्षण प्रकार घडतो : निवेदकाने शब्द उच्चारण्याच्या क्षणभर आधीच त्याचा पुसट पडसाद ऐकू येतो. रात्री एकट्याने ऐकताना तो अंगावर येतो. हा डेकचा दोष आहे की कॅसेटचा?

माझे प्रश्न असे : डेकचा वेग घरच्या घरी दुरुस्त करता येईल काय, आणि तो बरोबर झाला हे कशावरून ओळखावे? जोडणीसाठी नेमके काय विकत घ्यावे? कोणत्या स्वरूपात साठवावे? आणि मुख्य म्हणजे, बुरशी आलेल्या किंवा गादी सुटलेल्या कॅसेट मुळात वाजवाव्यात काय? चुकीच्या पद्धतीने एकदा वाजवली आणि पट्टी तुटली तर मारबत पुन्हा ऐकायला मिळणार नाही, म्हणून बाबांच्या गाण्याची एक कॅसेट सोडल्यास घरगुती कॅसेटना मी अद्याप हात लावलेला नाही.

प्रतिसाद १

सर, घरगुती कॅसेट बाजूला ठेवल्यात हे उत्तम केलेत. त्यांच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे टॅब असतात. ते शाबूत असतील तर आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी काही पुसले जाणार नाही.

वेगाचा दोष बहुधा पट्ट्यात नाही. बऱ्याच डेकच्या मोटरच्या पाठीमागे एक बारीक छिद्र असते आणि त्याच्या आत वेग कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. कारागिराने तो फिरवलेला दिसतो. प्लास्टिकच्या दांड्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो केसभर फिरवा आणि मधूनमधून तपासा. मात्र अठ्ठावीस मिनिटांच्या हिशेबावर विसंबू नका, कारण कारखान्यात पट्टी नेमकी तीस मिनिटांची भरत नसत, थोडी अधिक ठेवत. त्यापेक्षा विकतची एखादी कॅसेट घ्या, तिच्यातले एक गाणे मोबाईलवर शोधा आणि दोन्हींचा वेळ सेकंदांत मोजा.

वेग सुधारल्यावर हेडकडे, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाकडे, वळा. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि धातूची दांडी पुसा. रबरी चाकाला मात्र साबणाचे सौम्य पाणी पुरे. आवाज दबका येत असेल, तर हेडच्या बाजूचा लहान स्क्रू अगदी थोडा फिरवून पाहा. निवेदकाचे "स" आणि "श" जेथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतील, ती हेडची योग्य जागा. हा स्क्रू प्रत्येक कॅसेटला पुन्हा लावावा लागू शकतो, कारण मुद्रण दुसऱ्या यंत्रावर झालेले आहे.

लॅपटॉपचे ते छिद्र हेडफोन आणि माइक यांच्यासाठी असते. माइकची बाजू एकपदरी आणि अतिसंवेदनशील असल्यामुळे आवाज फाटतो. लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्या. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी मोफत मिळते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट पुरेसे आहे. मध्यम लहरींवरून आलेल्या आवाजात पाच किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नसतेच. एका तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे आपल्या सगळ्या कॅसेट १०८ जीबीमध्ये मावतील. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, साठवल्यास साधारण निम्म्या जागेत काम होईल. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवण्यासाठी करा.

आधी ऐकू येणारा पडसाद हा डेकचा दोष नाही. गुंडाळीतील एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते आणि उष्णतेने ते वाढते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पट्टी अधिक पातळ असल्यामुळे तिच्यात हा प्रकार जास्त आढळतो. वाजवण्यापूर्वी दोन-तीन वेळा पूर्ण पुढे-मागे गुंडाळल्यास पडसाद थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

प्रतिसाद २

वरील सगळे पटले, एक भर घालतो. डेकचा वेग बरोबर झाला, तरी टू-इन-वनचा वेग मुळात बरोबर होता याची खात्री कोण देणार? विजेवर केलेल्या मुद्रणात बारीक गुणगुण असते आणि ती पन्नास हर्ट्झची समजून काही जण वेग ठरवतात. त्या भरवशावर राहू नका. त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या दरम्यान हेलकावे खात असे. घरात बाबांची हार्मोनियम किंवा तसे काही वाद्य अजून असेल, तर ते अधिक चांगला साक्षीदार ठरेल. मारबतीची कॅसेट सेलवर भरलेली दिसते. सेल उतरत गेले की मुद्रण करताना पट्टी मंद फिरते आणि नंतर वाजवताना आवाज चढत जातो. त्यामुळे तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच दुरुस्ती लागू पडणार नाही.

बुरशी आलेल्या कॅसेट डेकमध्ये घालू नका, ती हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागेल. कुलर चालू असलेल्या खोलीतही हे काम करू नका; त्या दमट हवेत जुनी पट्टी चिकटते. खरे तर पाऊस लागण्यापूर्वी चांगल्या कॅसेट उरकाव्यात आणि बुरशीच्या कॅसेट हिवाळ्याच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवाव्यात.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोटरमागचे छिद्र सापडले. विकतच्या कॅसेटमधील जे गाणे मोबाईलवर ५ मिनिटे १२ सेकंदांचे आहे, ते डेकवर ४ मिनिटे ५१ सेकंदांत संपत होते, म्हणजे वेग सात टक्क्यांहून अधिक होता. तीन संध्याकाळी खर्च करून तो आता ५ मिनिटे ११ सेकंदांवर आणला आहे. (त्या स्क्रूला केसभर फिरवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल.)

हार्मोनियमची सूचना तर फारच मोलाची ठरली. पेटी ताईकडे खामल्याला आहे. काल तेथे जाऊन बाबा ज्या "काळी दोन" पट्टीत (पेटीच्या दुसऱ्या काळ्या सुरात) गात, तो स्वर मोबाईलवरील ट्यूनरने तपासला; कॅसेटमधली पेटी त्याहून साधारण तीन टक्के खाली वाजते. याचा अर्थ टू-इन-वन मुळातच थोडा वेगाने चालत होता आणि लहानपणी आम्ही ऐकलेले बाबांचे गाणे योग्य सुरात यायचे, ते दोन्ही वेळा तेच यंत्र वापरल्यामुळे. ऑडॅसिटीत वेग तेवढा वाढवून ताईला ऐकवले. ती काही बोलली नाही, पण तिने पेटी उघडून तोच स्वर पुन्हा धरून पाहिला.

कुलर बंद ठेवून दुपारी बसणे अशक्य असल्यामुळे मी पहाटे चार ते सात ही वेळ ठरवली आहे. रेडिओच्या अकरा कॅसेट उतरल्या आहेत. बुरशीच्या नऊ कॅसेट निराळ्या डब्यात बंद करून ठेवल्या आहेत आणि मारबतीचे टॅब मोडले आहेत. ती दिवाळीनंतरच लावीन.

एक मदत अजून हवी आहे. गादी सुटलेल्या कॅसेटची पट्टी दुसऱ्या कवचात घालावी लागेल आणि त्यासाठी स्क्रूने उघडणाऱ्या, म्हणजे चिकटवून बंद न केलेल्या, सहा-सात रिकाम्या कॅसेट लागतील. इतवारीत दोन ठिकाणी विचारले, तेथे माझ्याकडे पाहून हसले. कोणाकडे नको असलेल्या पडून असतील तर कृपया कळवावे, नागपुरात कोठेही येऊन घेऊन जाईन.