मदत हवी आहे: जुनी माझदा आरएक्स-८ घ्यावी की नाद सोडावा? (इंग्लंड)

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी. रेडिंगला राहतो. घरात एक गरीब स्वभावाची हायब्रिड आहे, ती बहुतेक वेळ बायकोकडेच असते. माझ्यासाठी दुसरी गाडी बघतोय आणि तिथेच घोळ झालाय.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये कापून ठेवलेलं एक वांकेल, म्हणजे रोटरी इंजिन होतं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर कडांच्या समोशासारखा रोटर पोकळीत गरगरतो, एवढंच. सर हँडल फिरवून दाखवायचे. तेव्हापासून डोक्यात बसलेली ही गोष्ट इथे जुन्या बाजारात दोन हजार पाउंडांच्या आसपास मिळतेय म्हटल्यावर जीव राहीना. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर, मिळून जेमतेम १.३ लिटर, तरी २३१ अश्वशक्ती आणि सुई ९,००० आरपीएमपर्यंत पळते. शिवाय मागची दारं कपाटासारखी उलटी उघडतात आणि चार माणसं बसतात. घरी मांडायला माझ्याकडे हा एवढाच मुद्दा आहे.

दोन गाड्या हेरल्या आहेत. पहिली नोव्हेंबर २००५ ची, ८८,००० मैल, १,९०० पाउंड, मागच्या चाकांवरच्या पत्र्याला गंज. दुसरी जून २००७ ची, ५१,००० मैल, २,६०० पाउंड, आरशासारखी चकचकीत. मालक म्हणतो, गेल्या वर्षीच नवा, जास्त ताकदीचा स्टार्टर बसवलाय, चावी फिरवली की सुरू.

माझा कल अर्थातच दुसरीकडे. वर्षाला साधारण किती खड्डा पडेल? घेताना काय बघू?

निवांत_पुणेकर:
अ‍ॅव्हरेज किती देते?

रेडिंगकर:
गॅलनला २० मैल, म्हणजे लिटरला ७ किलोमीटर. 😐

निवांत_पुणेकर:
चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चालू द्या.

समोसा_इंजिन:
रेडिंगकर, चार वर्षं ही गाडी पाळली आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टॅक्स, कारण तुमचा कल तिथेच बदलेल. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाड्या कितीही धूर ओकत असल्या तरी टॅक्सच्या के बँडच्या (धुरावर ठरणाऱ्या पायरीच्या) वर जात नाहीत. त्यानंतरची आरएक्स-८ थेट एम बँडमध्ये. २०२५-२६ च्या दराने के म्हणजे ४३० पाउंड, एम म्हणजे ७६०. तुमची चकचकीत गाडी दर वर्षी ३३० पाउंड जास्त मागणार, तेही जागेवर उभी असली तरी. नोंदणीची तारीख लॉगबुकातच (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) बघा, जाहिरातीवर जाऊ नका.

दुसरं, तो नवा स्टार्टर. मला तर तिथेच शंका येते. रोटरच्या तीन टोकांवर सील असतात. ती झिजली की कॉम्प्रेशन (आतला दाब) उतरतं आणि गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. ताकदीचा स्टार्टर इंजिन जोरात फिरवून ते दुखणं झाकतो. मालक लबाड आहे असं म्हणत नाही, पण कॉम्प्रेशन टेस्टशिवाय एक पेनीही देऊ नका. साधा गेज चालत नाही, रोटरीचं वेगळं यंत्र लागतं. ते प्रत्येक रोटरचे तीन, असे सहा आकडे देतं. २५० आरपीएमला नव्या इंजिनाचे ८.५ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) च्या आसपास, ६.९ च्या खाली गेले तर इंजिन संपलं. सहाही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एकच पडलेला असेल तरी नको. इंजिन पुन्हा बांधायला मला साडेतीन ते पाच हजार पाउंड सांगितले होते, म्हणजे गाडीच्या दुप्पट.

ऑइल ती खाणारच. सीलना वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो. एक पेट्रोलची टाकी सोडून पुढच्या टाकीला डिपस्टिक बघायची. मालक अभिमानाने "थेंबभर ऑइल खात नाही" म्हणाला तर उलट पंप चालतोय का ते विचारा. इग्निशन कॉइल चार, प्लग चार, हे वेळेवर बदलायचे. कॉइल दगा देऊ लागली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन ते भाजून काढतं, आणि कॅट स्वस्त नाही.

पण एक विचारते. गाडी चालवणार कुठे?

रेडिंगकर:
घर ते स्टेशन, दोन मैल. पुढे लंडनला ट्रेन. शनिवार-रविवारी मात्र लांब.

समोसा_इंजिन:
मग हीच खरी अडचण आहे, टॅक्स वगैरे नंतर. थंड इंजिनात पेट्रोल सढळ पडतं. गरम व्हायच्या आत बंद केलंत की प्लग ओले होतात आणि पुढच्या वेळी नुसती घरघर. मी एकदा पाहुण्यांसाठी दारातून रस्त्यावर काढली, वीस सेकंदांत बंद केली. दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा म्हणजे पेट्रोल थांबतं आणि आतलं बाहेर पडतं, हे मला त्या दिवशी शेजाऱ्याने शिकवलं. पाहुणे खिडकीतून बघत होते. चूक माझीच.

गोवेकर_लेस्टर:
एमएक्स-५ घे रे बाबा. पिस्टन असतात, निदान झोप लागते.

रेडिंगकर:
दोनच सीट. मुलांना कुठे ठेवू?

समोसाताई, मनापासून आभार. स्टेशनला चालत जायचं ठरवलंय, तसंही डॉक्टर म्हणतच होते. वर्षाला ४,००० मैल धरले तर पेट्रोल ९०० लिटर, लिटरला १.३५ ने सव्वाबाराशे पाउंड. टॅक्स, विमा, ऑइल, टायर वेगळे. आकडा घरी सांगितलेला नाही. २००७ वाल्या मालकाला टेस्टचं विचारलं, तो म्हणाला "गरज काय?" आणि नंतर फोनच उचलत नाही. २००५ वाला लगेच हो म्हणाला. शनिवारी जातोय.

समोसा_इंजिन:
वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग सुरू करा. आणि निघण्याआधी सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीचा (दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास वाचा, फुकट आहे. पत्र्याच्या गंजापेक्षा दाराखालच्या सिलचा (चौकटीच्या लांब पट्टीचा, इंजिनातलं सील नव्हे) गंज महाग पडतो. टॉर्च न्या, वाकून बघा.

रेडिंगकर:
अपडेट. पुढचा रोटर ७.५, ७.४, ७.५. मागचा ७.२, ७.१, ७.२. गरम असताना तीन सेकंदांत सुरू झाली. एमओटीमध्ये डाव्या सिलचा गंज दोन वर्षं लागोपाठ लिहिलाय, हात लावला तर पापुद्रे निघतात. मालक १,७५० वर आलाय.

समोसा_इंजिन:
आकडे म्हाताऱ्या इंजिनाला शोभणारे आहेत. सिल वेल्डिंगचं कोटेशन आधी काढा आणि ते पैसे कापून १,४०० म्हणा.

निवांत_पुणेकर:
घरी सांगितलंत का?

रेडिंगकर:
दारं उलटी उघडतात इथपर्यंत सांगून झालंय.